स्नानसंस्काराविना मृत्यू पावलेली बालके : आदिपाप, कृपा आणि तारणाची आशा

स्नानसंस्कार होण्यापूर्वीच मृत्यू पावलेल्या बालकाचे पुढे काय होते, हा प्रश्न ख्रिस्तसभेत किमान सोळाशे वर्षे विचारला जात आहे. मानवाचे पाप, परमेश्वराची कृपा आणि तारण या तिन्ही विषयांवरील ख्रिस्ती शिकवण या एका प्रश्नाच्या ठिकाणी एकत्र येते आणि येथेच तिची सर्वांत कठीण कसोटी लागते. आपल्यातील ज्येष्ठ मंडळींनी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात 'लिंबो' हा शब्द ऐकलेला असतो. लिंबो हा श्रद्धेचा सिद्धांत होता असे काहींना वाटते, तर २००७ साली पोपमहोदयांनी तो 'रद्द' केला असे काही जण सांगतात. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर मांडणी येथे करीत आहोत.

हा केवळ ईशज्ञानाच्या अभ्यासकांचा प्रश्न नाही. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात मिस्सा झाल्यावर एक वृद्ध माउली आम्हांला भेटण्यासाठी थांबल्या होत्या. त्यांचे पहिले मूल जन्मानंतर काही तासांतच गेले होते. त्या गोष्टीला पन्नास वर्षे उलटली होती. स्नानसंस्कार झालेला नसल्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांनी बाळाला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर मूठमाती दिली होती. ते मूल स्वर्गात नाही आणि नरकातही नाही, एवढेच त्यांना त्या वेळी कोणीतरी सांगितले होते. "फादर, त्याच्यासाठी मिस्सा सांगितली तर चालेल का?" असे त्यांनी विचारले. पन्नास वर्षे त्यांनी हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता. आपण विचारणेच चूक आहे, असे त्यांना वाटत होते.

आदिपाप म्हणजे काय आणि काय नव्हे

प्रश्नाचे मूळ आदिपापाच्या शिकवणीत आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील आदाम आणि हव्वा यांच्या पतनाची कथा मराठी ख्रिस्ती माणसाला चारशे वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली राचोल येथे छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'च्या पहिल्या भागात ती ओवीबद्ध स्वरूपात आलेली आहे. परंतु कथा ठाऊक असणे आणि तिचा अर्थ ठाऊक असणे यांत अंतर असते. आमच्या अनुभवाने सांगायचे, तर आदिपापाविषयी जितके गैरसमज आहेत तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या शिकवणीविषयी असतील.

पहिली गोष्ट ही, की आदिपाप हे बालकाने केलेले पाप नव्हे. पाप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जाणूनबुजून केलेले कृत्य येते. बालकाच्या बाबतीत असे कोणतेही कृत्य नसते. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथ स्पष्टपणे सांगतो, की येथे 'पाप' हा शब्द सादृश्याने वापरला आहे. ते 'केलेले' नव्हे, तर 'वाट्याला आलेले' पाप आहे. ती एक अवस्था आहे. मानवाला आरंभी परमेश्वराशी जी मैत्री लाभली होती, जे पावित्र्य लाभले होते, त्याचा अभाव म्हणजे आदिपाप. उपमाच द्यायची झाली, तर वडिलांनी जमीन गमावली म्हणून मूल भूमिहीन जन्माला येते. त्यात मुलाचा अपराध नसतो, परंतु जमीन नसते हे वास्तवच असते. ही उपमाही अपुरी आहे, कारण आदिपापाने मानवी स्वभावसुद्धा दुर्बल झाला आहे, त्याचा ओढा पापाकडे वळला आहे. तरीही तो समूळ भ्रष्ट झाला आहे, असे मात्र ख्रिस्तसभा शिकवीत नाही.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची आहे. घरात तान्हे मूल दगावले, की 'आईबापाचं पाप लेकराला भोवलं' किंवा 'कोणत्या जन्माचं पाप कोण जाणे' असे उद्गार आपल्या समाजातही ऐकू येतात. ते म्हणणाऱ्यांत मिस्सेला नियमित येणारी माणसेही असतात. आदिपापाच्या शिकवणीचा या समजुतीशी काहीएक संबंध नाही. पित्याच्या पापाचा भार पुत्रावर पडत नाही, हे यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी, हा आंधळा कोणाच्या पापामुळे जन्मला, त्याच्या स्वतःच्या की आईबापांच्या, असे विचारले, तेव्हा प्रभू येशूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९). बालकाचा मृत्यू हा कोणाच्याही पापाचा हिशेब चुकता करणे नव्हे. मूल गमावलेल्या मातेला कोणी तसे सुचविले, तर ती ख्रिस्ती शिकवण नाही असे तेथेच बजावले पाहिजे.

संत ऑगस्टीन आणि पेलागियस

या प्रश्नाला धार आली ती पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेत. पेलागियस हा ब्रिटनमधून रोम येथे आलेला तपस्वी वृत्तीचा शिक्षक होता. ख्रिस्ती लोकांचे शिथिल आचरण पाहून तो व्यथित होत असे. मानवी स्वभाव दुर्बल आहे ही निव्वळ सबब आहे, देवाने आज्ञा दिल्या त्या अर्थी त्या पाळण्याचे सामर्थ्यही माणसाला दिलेले आहे, असा त्याचा आग्रह होता. आदामाने आपल्याला वाईट उदाहरण घालून दिले, याहून अधिक काही केले नाही, असा या मताचा निष्कर्ष निघाला. ४१० साली गॉथ टोळ्यांनी रोम लुटले तेव्हा अनेक निर्वासितांबरोबर पेलागियस आणि त्याचा सहकारी कॅलेस्टियस आफ्रिकेत आले. पेलागियस लवकरच पूर्वेकडे निघून गेला, कॅलेस्टियस कार्थेज येथे राहिला आणि तेथे पहिला वाद पेटला तो नेमका बालकांच्या स्नानसंस्कारावरून. मूल जर निष्पाप जन्मते, तर पापक्षमेसाठी दिला जाणारा स्नानसंस्कार त्याला का द्यायचा?

हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी या प्रश्नाचे गांभीर्य तत्काळ ओळखले. बालकाला ख्रिस्ताची गरज नसेल, तर असा एक तरी मानव आहे की ज्याचा ख्रिस्त तारणारा नाही. हे मान्य केले तर सुवार्तेचा पायाच ढासळतो. ऑगस्टीन यांच्या साऱ्या युक्तिवादाचे मर्म येथे आहे आणि या मुद्द्यावर ख्रिस्तसभा कायम त्यांच्या बाजूने उभी राहिली आहे. ४१८ साली कार्थेज येथील धर्मपरिषदेने पेलागियसची मते नाकारली. आरंभी त्याच्याकडे सहानुभूतीने पाहणारे पोप झोसिमस यांनीही त्याच वर्षी त्या निषेधाला पुष्टी दिली.

परंतु ऑगस्टीन येथे थांबले नाहीत. पेलागियसच्या अनुयायांनी एक मधला मार्ग सुचविला होता. स्नानसंस्कार न झालेल्या बालकांना 'स्वर्गाचे राज्य' मिळत नसले तरी 'शाश्वत जीवन' मिळते, असे ते म्हणत. ऑगस्टीन यांनी हा मधला मार्ग ठामपणे फेटाळला. ख्रिस्ताच्या उजव्या आणि डाव्या हातांमध्ये तिसरी जागा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा ही बालके दंडास पात्र ठरतात, मात्र त्यांचा दंड सर्वांत सौम्य असतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

आजच्या वाचकाला हा निष्कर्ष कठोर वाटेल. तो कठोर आहेच. पण ऑगस्टीन यांना दगडाच्या काळजाचे समजणे अन्यायाचे होईल. ४१५ साली संत जेरोम यांना लिहिलेल्या पत्रात बालकांच्या दंडाचा विषय निघाला की आपण अडचणीत सापडतो, काय उत्तर द्यावे हे आपल्याला सुचत नाही, अशी कबुली त्यांनी दिली आहे. ते स्वतः लहानपणी अचानक अत्यवस्थ झाले होते, स्नानसंस्काराची तयारीही झाली होती. पण त्यांना बरे वाटल्याने तो पुढे ढकलला गेला आणि शेवटी ३८७ सालच्या पुनरुत्थान जागरणाच्या रात्री मिलान येथे संत अँब्रोज यांच्या हस्ते झाला. तेव्हा त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते. त्या लहानपणच्या आजारात ते दगावले असते, तर त्यांच्याच तर्काप्रमाणे त्यांचे काय झाले असते?

ऑगस्टीन यांच्या प्रतिपादनाला आणखी एक आधार होता, तो म्हणजे रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील बारावे वचन. त्यांच्या हाती असलेल्या लॅटिन भाषांतरात, 'ज्याच्या ठायी' सर्वांनी पाप केले, असा अर्थ निघत होता, म्हणजे आदामाच्या ठायी सारी मानवजात पापी ठरली. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ, 'कारण' सर्वांनी पाप केले, असा बहुतेक आधुनिक अभ्यासक लावतात. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडील ख्रिस्तसभेत म्हणूनच आदामाकडून मृत्यू आणि दुर्बलता वारशाने येते, दोष नव्हे, या विचारावर भर राहिला. नाझियान्झसचे संत ग्रेगरी यांनी तर ऑगस्टीन यांच्या आधीच, अशा बालकांना गौरवही मिळत नाही आणि दंडही होत नाही, असे सुचविले होते. आदिपापाची कॅथोलिक शिकवण त्या एका वचनाच्या एका भाषांतरावर उभी नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. त्या संपूर्ण अध्यायाचा विषय आदाम नसून ख्रिस्त आहे, हा मुद्दा पुढे पुन्हा येणारच आहे.

लिंबोची कल्पना

पुढील सात शतके पश्चिमेकडील ईशज्ञान ऑगस्टीन यांच्या छायेत वाढले. बाराव्या शतकात ही छाया थोडी हलली. संत अँसेल्म यांनी आदिपापाची व्याख्या मूळ धार्मिकतेचा अभाव अशी केली होती. अभाव असेल तर दंडही अभावाच्याच स्वरूपाचा असावा, असा विचार त्यातून पुढे आला. पोप तिसरे इनोसंट यांनी १२०१ साली आर्लच्या आर्चबिशपांना लिहिलेल्या पत्रात हा भेद मांडला. आदिपापाचा परिणाम म्हणजे ईश्वरदर्शनाला मुकणे आणि स्वतः केलेल्या पापांचा परिणाम म्हणजे यातना. बालकाने स्वतः पाप केलेलेच नाही, तेव्हा त्याला यातना नाहीत.

याच सुमारास 'लिंबो' हा शब्द रूढ झाला. लॅटिनमध्ये 'लिंबुस' म्हणजे काठ, किनार. जसा वस्त्राचा काठ. नरकाच्या काठावरील, पण यातनांपासून मुक्त असे ते स्थान. ख्रिस्ताच्या आगमनाची वाट पाहणाऱ्या पूर्वजांचे एक लिंबो मानले जाई, जे प्रभूच्या अधोलोकात उतरण्याने रिते झाले, आणि दुसरे बालकांचे. संत थॉमस अक्विनस यांनी बालकांच्या लिंबोला सर्वांत सौम्य रूप दिले. ही बालके निसर्गतः मिळू शकणाऱ्या आनंदात राहतात. ईश्वरदर्शन हे निसर्गाच्या पलीकडचे दान असल्यामुळे आपण काय गमावले याची त्यांना जाणीवच नसते, मग त्याचे दुःख कोठून असणार, असा त्यांचा विचार होता. ऑगस्टीन यांच्या दंडापासून अक्विनस यांच्या निसर्गसुखापर्यंतचा हा प्रवास कमी नाही. लिंबो ही करुणेतून निघालेली कल्पना होती, हे तिची टिंगल करणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

पण विद्यापीठातील ही करुणा घरातील मातेपर्यंत पोहोचली नाही. तिच्यापर्यंत एवढेच पोहोचले, की आपले मूल स्वर्गात नाही आणि आपली त्याची पुन्हा भेट होणार नाही. युरोपातील अनेक ठिकाणी मृतजात बालके घेऊन आईबाप विशिष्ट तीर्थमंदिरांत जात. मातेच्या प्रार्थनेने बाळात क्षणभर प्राण यावा, ओठ हलावा, गालावर रंग दिसावा आणि तेवढ्यात त्याला स्नानसंस्कार द्यावा, ही आशा असे. ही परंपराही जुनी होती. उत्तर आफ्रिकेतील उझालिस येथे एका मातेने आपले मृत तान्हे मूल संत स्तेफनच्या अवशेषांपाशी नेले, ते जिवंत झाले, स्नानसंस्कार घेतला आणि पुन्हा मरण पावले, ही कथा ऑगस्टीन यांनीच एका प्रवचनात सांगितली आहे. स्वित्झर्लंडमधील ओबरब्युरेन या गावी असे एक मंदिर होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे झालेल्या उत्खननात सुमारे अडीचशे अर्भकांचे सांगाडे सापडले. काही तर पूर्ण दिवसही न भरलेली होती. अठराव्या शतकात रोमने या प्रथेचा निषेध केला. आयर्लंडमध्ये अशा बालकांना पवित्र भूमीत जागा नसे. त्यांच्यासाठी गावाबाहेर, शेताच्या बांधालगत किंवा समुद्रकाठी वेगळ्या जागा असत. १९१७ च्या कायदेसंहितेप्रमाणे स्नानसंस्कार न झालेल्यांना ख्रिस्तसभेच्या दफनविधीचा अधिकार नव्हता. आरंभी उल्लेखिलेल्या माउलींच्या बाळाला कुंपणाबाहेर मूठमाती मिळाली, ती या इतिहासामुळे.

दोन प्रतिस्पर्ध्यांचे एकमत

सोळाव्या शतकातील एक घटना फारशी कोणाच्या ध्यानात नसते. १५१८ साली ऑग्सबर्ग येथे मार्टिन लूथर यांची चौकशी करण्यासाठी पोपमहोदयांचे प्रतिनिधी म्हणून कार्डिनल कायेतान आले होते. कृपा आणि अधिकार या प्रश्नांवर त्या दोघांत तीव्र मतभेद झाले. परंतु गर्भातच मृत्यू पावणाऱ्या बालकांविषयी हे दोघे पुढे जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचले. आईबापांची स्नानसंस्काराची इच्छा आणि प्रार्थना अशा बालकाच्या तारणासाठी पुरेशी ठरू शकते, असे कायेतान यांनी अक्विनस यांच्यावरील आपल्या भाष्यात लिहिले. लूथर यांनी १५४२ साली, ज्यांचे गर्भ दगावले अशा मातांसाठी एक छोटी सांत्वनपुस्तिका लिहिली. मातेचे अव्यक्त उसासे देव प्रार्थना म्हणूनच ऐकतो, असा तिचा आशय आहे. कायेतान यांचे मत ट्रेंटच्या विश्वपरिषदेत चर्चेला आले. परिषदेने त्याचा निषेध केला नाही, मात्र संत पोप पाचवे पायस यांच्या आदेशावरून तो भाग पुढील आवृत्तीतून वगळण्यात आला.

ट्रेंट परिषदेचे दोन निर्णय येथे महत्त्वाचे आहेत. १७ जून १५४६ च्या आदेशाने आदिपापाची शिकवण निश्चित केली आणि पवित्र मरिया मातेचा त्यात समावेश करण्याचा परिषदेचा हेतू नाही, हेही नमूद केले. १३ जानेवारी १५४७ च्या आदेशाने माणूस नीतिमान कसा ठरतो, हे स्पष्ट केले. परमेश्वराची कृपा नेहमी पहिले पाऊल टाकते. देवाकडे वळण्याची इच्छासुद्धा तीच जागविते, मनुष्य तिला प्रतिसाद देतो. स्नानसंस्कार 'किंवा त्याची इच्छा' तारणासाठी आवश्यक आहे, असे शब्द परिषदेने योजले. या 'किंवा'मुळे पुढील चार शतके विचाराला वाव राहिला. लिंबोविषयी परिषदेने काहीही सांगितले नाही.

गंमत अशी, की अठराव्या शतकात लिंबोचे सर्वांत कडवे विरोधक ऑगस्टीन यांचेच नाव घेणारे जान्सेनपंथीय होते. लिंबो म्हणजे पेलागियसच्या मधल्या जागेची दंतकथा, असे १७८६ च्या पिस्तोया येथील धर्मसभेने म्हटले. पोप सहावे पायस यांनी १७९४ साली हा आरोप फेटाळला. लिंबो मानणारा कॅथोलिक पाखंडी ठरत नाही, एवढे त्यांनी सांगितले. लिंबो मानलेच पाहिजे, असे त्यांनी म्हटले नाही. कोणत्याही पोपमहोदयांनी किंवा विश्वपरिषदेने लिंबोचा श्रद्धासिद्धांत कधीच घोषित केलेला नाही.

आशेचा मार्ग

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने (१९६२–१९६५) या प्रश्नावर स्वतंत्र दस्तऐवज काढला नाही. परंतु ख्रिस्त सर्वांसाठी मरण पावला, म्हणून पवित्र आत्मा सर्वांना, केवळ परमेश्वराला ठाऊक असलेल्या मार्गाने, त्याच्या मृत्यू-पुनरुत्थानाच्या रहस्यात सहभागी होण्याची संधी देतो, ही शिकवण तिने 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजाच्या २२ व्या परिच्छेदात दिली. त्यानंतर उपासनेत बदल झाला. १९७० च्या मिस्साग्रंथात स्नानसंस्कारापूर्वी मृत्यू पावलेल्या बालकासाठी अंत्यविधीची मिस्सा आली. ख्रिस्तसभा जशी प्रार्थना करते तशी तिची श्रद्धा असते, हा जुना नियम ध्यानात घेतला तर या बदलाचे मोल कळेल. ज्याच्यासाठी काहीच आशा नाही, त्याच्यासाठी ख्रिस्तसभा मिस्सा अर्पण करीत नाही. १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद १२६१) अशा बालकांना परमेश्वराच्या दयेवर सोपवतो. सर्वांचे तारण व्हावे ही देवाची इच्छा (१ तीमथ्य २) आणि बालकांविषयी प्रभू येशूचे वात्सल्य (मार्क १०) ही दोन कारणे देऊन तो आशेचा मार्ग खुला ठेवतो. लिंबो हा शब्द त्यात नाही.

संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी २५ मार्च १९९५ रोजी प्रसिद्ध केलेल्या जीवनविषयक परिपत्रकात गर्भपात केलेल्या स्त्रियांना उद्देशून काही हृद्य ओळी आहेत. मूळ पाठात, तुमचे बालक आता प्रभूमध्ये जगत आहे, अशा अर्थाचे शब्द होते. अधिकृत लॅटिन संग्रहात ते बदलून, बालकाला पित्याच्या दयेवर आशेने सोपवावे, असे करण्यात आले. एवढ्याशा बदलावरून ख्रिस्तसभा येथे किती जपून पाऊल टाकते ते दिसते. ती आशा देते, पण प्रकटीकरणात जे सांगितलेले नाही ते ठाऊक असल्याचा दावा करीत नाही.

२००४ साली पोपमहोदयांच्या सूचनेवरून आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने या विषयाचा अभ्यास हाती घेतला. पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने त्याचा अहवाल एप्रिल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बेनेडिक्ट यांनी कार्डिनल असतानाच, १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतग्रंथात, लिंबो हा कधीही श्रद्धासिद्धांत नव्हता आणि व्यक्तिशः आपण ते मत सोडून द्यावे असे म्हणू, असे सांगितले होते. वृत्तपत्रांनी 'पोपने लिंबो बंद केले' असे मथळे दिले. वस्तुतः तो आयोगाचा अभ्यास आहे, श्रद्धेचा आदेश नव्हे. आणि लिंबो हे एक संभाव्य मत म्हणून कोणी बाळगू शकतो, असेही त्यात म्हटले आहे. पण त्याचा मुख्य निष्कर्ष वेगळा आहे. ही बालके तारली जातील आणि त्यांना ईश्वरदर्शन लाभेल, अशी आशा बाळगण्यास ईशज्ञानात आणि उपासनेत भक्कम आधार आहेत.

त्या आधारांपैकी दोन आम्हांला विशेष महत्त्वाचे वाटतात. पहिला रोमकरांस पत्राच्या त्याच पाचव्या अध्यायातला. पाप वाढले तेथे कृपा त्याहून विपुल झाली, असे संत पौल तेथे सांगतो. आदामाशी असलेले आपले नाते वास्तव आहे, पण ख्रिस्ताशी असलेले मानवजातीचे नाते त्याहून आधीचे आणि बळकट आहे. बालकाला आदामाचा वारसा नकळत मिळतो, तर ख्रिस्ताचा वारसा नकळत पोहोचविणे परमेश्वराला अशक्य कसे असेल? लक्षात घ्या, येथे पेलागियस परत येत नाही. बालकाला कृपेची गरज नाही असे कोणी म्हणत नाही. कृपा संस्कारांनी बांधलेली नाही, एवढेच म्हटले आहे. दुसरा आधार २८ डिसेंबरच्या सणाचा. हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचा स्नानसंस्कार झालेला नव्हता, श्रद्धेची कबुली देण्याचे त्यांचे वयही नव्हते. तरीही ख्रिस्तसभा प्राचीन काळापासून त्यांना संत म्हणून वंदन करते.

आपल्या धर्मग्रामात काय करावे

आशा आहे म्हणून स्नानसंस्कार लांबणीवर टाकण्यास मोकळीक मिळत नाही. स्नानसंस्कार हाच तारणाचा प्रकट आणि नेहमीचा मार्ग आहे. १९८३ च्या कायदेसंहितेप्रमाणे (कलम ८६७) बालकाचा स्नानसंस्कार पहिल्या काही आठवड्यांतच व्हावा आणि जिवाला धोका असेल तर विनाविलंब व्हावा. परदेशातील काका येईपर्यंत, सभागृह मिळेपर्यंत सात-आठ महिने थांबण्याची जी पद्धत आपल्याकडे बोकाळली आहे, ती आम्हांला मुळीच पसंत नाही.

संकटसमयी धर्मगुरू उपलब्ध नसतील, तर कोणीही स्नानसंस्कार देऊ शकतो. आई, वडील, परिचारिका, अगदी अन्य धर्मीय डॉक्टरही. ख्रिस्तसभा जे करते ते करण्याचा हेतू असणे, बालकाच्या मस्तकावर साधे पाणी वाहील असे ओतणे आणि त्याच वेळी नाव घेऊन, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार देतो किंवा देते, असे उच्चारणे, एवढे पुरेसे असते. अतिदक्षता विभागात पाण्याचे काही थेंबच वापरता येतील, पण ते त्वचेवरून वाहिले पाहिजेत. गर्भपात होऊन बाहेर आलेला गर्भ जिवंत असेल, तर त्यालाही शक्यतो स्नानसंस्कार द्यावा (कलम ८७१). जिवंत आहे की नाही अशी शंका असल्यास, तू जिवंत असशील तर, अशी अट घालून द्यावा. मृत्यू निश्चित झाल्यावर मात्र देऊ नये. संस्कार जिवंतांसाठी असतात. असा स्नानसंस्कार झाल्यास धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना कळवून नोंदवहीत नोंद करून घ्यावी. बाळ बरे झाले, तर उरलेला विधी मंदिरात पूर्ण करता येतो, परंतु पाणी पुन्हा ओतले जात नाही.

स्नानसंस्कार न होताच बाळ गेले, तर आईबापांची तो देण्याची इच्छा होती एवढ्या आधारावर बिशप अंत्यविधीला परवानगी देऊ शकतात (कलम ११८३). धर्मगुरूंकडे तसे सांगावे, संकोच करू नये. मृतजात बालक असेल, तर रुग्णालयाकडे देह मागून घ्यावा आणि दफनभूमीत, कुंपणाच्या आत, सन्मानाने ठेवावा. बाळासाठी मिस्सा जरूर सांगावी, मग ते काल गेलेले असो की पन्नास वर्षांपूर्वी.

त्या माउलींना आम्ही हेच सांगितले आणि मिस्सेच्या वहीत लिहिण्यासाठी नाव विचारले. नाव ठेवले होते का, हे आम्हांला ठाऊक नव्हते. त्यांनी ते लगेच सांगितले.